पहिल्या रांगेतलं नीतिशास्त्र

अमळनेरच्या माणसाला तत्त्वज्ञान चुकत नाही. दुसऱ्या गावचा गिरणीमालक फार तर धर्मशाळा बांधतो; आमच्या प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी या गावात आले ते तिथे शिकायला. असा वारसा असल्यावर व्याख्यानमालेला ‘वेळ नाही’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? त्यातून कार्यवाह आबा, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. ते मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवतात. शेवटच्या रांगेतले लोक पायात चपला तशाच ठेवून दाराकडे तोंड करून बसतात. सुखी माणसं!

विषय होता ‘नीती आणि समाज’. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले. मे महिन्यात, खान्देशात! ज्योत लागली, टाळ्या झाल्या. पण पंख्याचं बटण ठाऊक असलेला मुलगा नारळ आणायला गेलेला. तो येईपर्यंत वक्त्यांचा परिचय त्यांच्या प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचला होता.

पुण्याचे प्राध्यापक ‘थोडक्यात सांगतो’ म्हणाले, तेव्हाच मी घड्याळ खिशात टाकलं. जर्मन तत्त्वज्ञ कांटपासून सुरुवात. कांटने १७९७ साली लिहून ठेवलंय की, मारेकरी दारात येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का?’ विचारू लागला, तरी खोटं बोलायचं नाही. शेजारी डुलक्या घेणारे अप्पा दचकून जागे झाले. “काय सांगी ऱ्हायना हाऊ?” मी थोडक्यात सांगितलं. “मंग दारच उघडू नको ना भो,” म्हणून ते पुन्हा झोपले.

मग आल्या फिलिपा फुट. या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली घातलेला पेच: ट्राम आवरेनाशी झालीय, समोरच्या रुळांवर पाच कामगार, दुसऱ्या रुळांवर एक. चालकाने ट्राम तिकडे वळवावी का? पाचांना वाचवायला एकाला मारणं योग्य का?

सभागृह गंभीर. तेवढ्यात भुसावळला रेल्वेत हयात घालवलेले नाना उभे राहिले.

“माणसं लाइनवर काम करत होती ना? मग गाड्या थांबवायचा ब्लॉक घेतला होता का? लाल झेंडी कुठे होती? मुकादम कोण?”

“अहो, ही कल्पना आहे,” प्राध्यापक म्हणाले.

“असू द्या. पाच मेले काय, एक मेला काय, चौकशी होणारच. आणि सापडणार तो ड्रायव्हर. ब्लॉक न देणारा साहेब नाही.”

लोक हसले. मला मात्र वाटलं, ‘समाज’ हा विषयाचा उरलेला अर्धा भाग नानांनीच उरकला. प्राध्यापकही भले गृहस्थ. त्यांनी ते टिपून घेतलं आणि नंतर भर उत्साहात आणखी अर्धा तास बोलले.

आभारप्रदर्शनात मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे आले. संपल्यावर आबांनी मला दारातच गाठलं.

“कसं झालं, जावईबापू?”

दारात आबा, मागे बायको, डोक्यात कांट. खोटं बोलायची बंदी.

“आवाज अगदी शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट येत होता,” मी म्हणालो.

आबांचा चेहरा उजळला. “मग उद्या जरा लवकर या. पुढचीच खुर्ची धरून ठेवतो. उद्या हेगेल आहे.”