दोन तंतूंमधली वाट

कॉक्लिअर इम्प्लांटवरच्या (ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशन करून बसवायचं यंत्र) तुमच्या लेखात खर्च नि योजना सविस्तर आल्या, पण आजूबाजूचे भाग कसे जपतात ते 'नसा सांभाळून' एवढ्यावरच आटोपलं. माझ्या पुतणीचं ऑपरेशन नागपूरला झालं, त्या वेळी सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं होतं. कानामागचं हाड कोरत आत जाताना एका बाजूला चेहऱ्याची नस, दुसऱ्या बाजूला जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारा बारीक तंतू. मधली वाट जेमतेम 2-3 मिलिमीटर. आमच्या यवतमाळकडच्या माणसाला सांगायचं तर कपाशीच्या दोन ओळींतून डवरा हाकायचा, पण झाडाला धक्का नाही! ड्रिलच्या उष्णतेनं नस भाजू नये म्हणून सतत पाणी सोडतात, चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारा मॉनिटर असतो. पुढे इलेक्ट्रोड, म्हणजे ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारी बारीक तार, आतल्या कानाच्या छोट्या तोंडातून (त्याला गोल खिडकी म्हणतात) अगदी सावकाश सरकवायचा. घाई केली तर आतला नाजूक पडदा फाटतो आणि उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं.

चवीच्या तंतूबद्दल मात्र आम्हाला आधी कोणी बोललं नव्हतं. ऑपरेशननंतर पोट्टी काही आठवडे वरणभात थुंकून टाकायची. आई म्हणे, हट्ट करते. चार वर्षांचं लेकरू, बोलताच येत नाही, सांगणार कसं बाप्पा? तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, तंतूला ताण बसला असेल, बहुतेकदा हळूहळू सुधारतं. तसं झालंही. आता तिखट झुणका मागून खाते.