नदी विमानात बसली नव्हती

गुरुवारी लाँड्री बंद असते, म्हणून त्या पायऱ्या आमच्या. गेल्या गुरुवारी मी पोहोचलो तेव्हा शिरीष आणि नंदू आधीच एकमेकांवर चढले होते. बापू मध्ये बसून शेंगदाणे सोलत होते. विषय निघाला होता 'मसल शोल्स' या २०१३ सालच्या माहितीपटावरून. शिरीषने तो रविवारी पाहिला आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलाय.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीच्या काठी मसल शोल्स हे लहानसं गाव आहे. रिक हॉल नावाच्या एका हट्टी माणसाने तिथे फेम स्टुडिओ चालवला. फेम म्हणजे कीर्ती नव्हे, ती फ्लॉरेन्स अलाबामा म्युझिक एंटरप्रायझेसची आद्याक्षरं. फ्लॉरेन्स हे शेजारचं गाव, सुरुवात तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर झाली. पुढे विल्सन पिकेट, एटा जेम्स, अरिथा फ्रँकलिन हे सगळे या आडगावात येऊन गायले. का आले, यावरच भांडण.

"त्या मातीतच काहीतरी आहे," शिरीष म्हणाला. "अरे, यू-टू बँडच्या बोनोसारखा माणूस सांगतो की तिथल्या चिखलातूनच गाणी उगवतात. त्या भागातल्या युची या आदिवासी जमातीच्या एका बाईला सरकारने हुसकावून पार ओक्लाहोमाकडे नेलं. तिकडच्या नद्या गात नाहीत म्हणून ती पायी चालत परत आली, पाच वर्षं चालत होती! नदी गाते म्हणायचे तिला."

"कुठली नदी?" बापूंनी शेंगदाणे थांबवले.

"टेनेसी."

"मसल शोल्स म्हणजे विल्सन धरणाजवळचं?"

बापू चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. टेनेसी खोऱ्याचा प्रकल्प त्यांच्या पिढीला पाठ, कारण आपलं दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली त्याच्याच धर्तीवर उभं राहिलं. त्यांनी नंदूच्या हातातला मोबाइल घेतला, नकाशा मोठा केला आणि बोट ठेवलं.

"शोल्स म्हणजे उथळ, खडकाळ पात्र. पाणी खडकांवर आपटतं आणि खळखळतं, तेच तुझं गाणं. विल्सन धरण १९२४ साली पुरं झालं. ते सगळे खडक फुगवट्याखाली गेले. वर व्हीलर, खाली पिकविक, अशी आणखी धरणं १९३०च्या दशकात झाली. तुझा तो रिक हॉल स्टुडिओ काढेपर्यंत नदीचा तलाव होऊन पस्तीस वर्षं झाली होती. ती बाई परत आली तेव्हा नदी गात असेल. या पोरांनी काय ऐकलं?"

शिरीष दोन क्षण गप्प. मग म्हणाला, "बापू, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये."

"मी आयुष्यभर पगार त्याचाच घेतला," बापू म्हणाले आणि पुन्हा शेंगदाण्यांकडे वळले.

खरं तर इथे चर्चा संपायला हरकत नव्हती, पण नंदूचं अजून सुरूच झालं नव्हतं. नंदू ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवतो. त्याच्या मते त्या सिनेमात नदीवर घालवलेलं प्रत्येक मिनिट वादकांच्या वाट्याचं आहे.

"चार जण होते रे. रॉजर हॉकिन्स ड्रमवर, डेव्हिड हूड बेसवर, जिमी जॉन्सन गिटारवर आणि बॅरी बेकेट कीबोर्डवर. लोक त्यांना स्वॉम्पर्स म्हणायचे. रोज तीच माणसं, तीच खोली. गायक नवा यायचा, साथ जुनी. कागदावर फारसं काही लिहिलेलं नसायचं, तिथल्या तिथे बसवायचे. आता मला सांग, मी एखाद्या पेटीवाल्याबरोबर दहा वर्षं वाजवलं, तर तो सम कुठे रेंगाळून घेणार हे मला त्याच्या खांद्यावरून कळतं. तसं ते. त्यात चिखल कुठून आला?"

"पण ते तिथलेच होते ना? मग माती झालीच की," शिरीष.

"मग अरिथाचं काय करशील?"

अरिथाची गोष्ट नंदूने इतकी रंगवून सांगितली की शेजारचा चहावाला किटली घेऊन तिथेच थांबला. १९६७चा जानेवारी. अरिथा फ्रँकलिनची कोलंबिया कंपनीतली वर्षं फारशी फळली नव्हती. अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला मसल शोल्सला आणलं. सुरुवातीला काही जमेना. सगळे वाद्यं घेऊन बसलेत, गाण्याला तोंडच सापडत नाही. मग तिथल्याच एका कीबोर्डवाल्याने, स्पूनर ओल्डहॅमने, वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटीशी धून वाजवली आणि गाडी सुटली. एक गाणं पुरं झालं, दुसरं अर्धं. आणि त्याच दिवशी बाईंचा नवरा टेड व्हाइट आणि एक वादक यांच्यात बोलाचाली झाली. दारू होतीच. रात्री रिक हॉल समेट करायला म्हणून हॉटेलवर गेला आणि हातघाईवर येऊन परतला. सकाळी अरिथा निघून गेली.

"आता ऐक," नंदू म्हणाला. "वेक्सलरने काय केलं? त्या पोरांना दुसऱ्याच एका रेकॉर्डचं निमित्त सांगून न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. तीन आठवड्यांत, १४ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत 'रिस्पेक्ट' झालं. ड्रमवर हॉकिन्स, गिटारवर जॉन्सन, कीबोर्डवर स्पूनर. नदी विमानात बसली नव्हती, शिऱ्या!"

हे वाक्य त्याने घरून ठरवून आणलं होतं, अशी माझी खात्री आहे. पण लागलं बरोबर. बापू तर इतके खूश झाले की त्यांनी सोललेले शेंगदाणे वाटले, जे ते एरवी करत नाहीत.

शिरीष मात्र बँकेत ऑडिटला होता, कागद तपासल्याशिवाय सोडणारा नव्हे. "बेसवर कोण होतं? टॉमी कॉगबिल. तो मेम्फिसचा. म्हणजे तुझे ठरलेले चौघे त्या दिवशी नव्हतेच. आणि 'रिस्पेक्ट' मुळात ओटिस रेडिंगचं, १९६५चं. मग गाणं मोठं झालं ते बाईच्या गळ्यामुळे. तुझे साथीदार कुठे राहिले?"

"साथीदार आहेत तिथेच राहिले, मागे," नंदू म्हणाला.

तेवढ्यात ओंकार आला. नंदूचा भाचा, घरातल्या एका खोलीला फोम लावून रेकॉर्डिंग करतो. त्याच्याकडे दोन्ही पार्ट्यांना खोटं पाडणारा मुद्दा होता.

"मामा, स्टोन्सचं काय मग? १९६९ साली डिसेंबरात रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश बँड घेऊन ते तीन दिवस तिथे होते, तीन गाणी करून गेले. त्यातली दोन म्हणजे 'ब्राउन शुगर' आणि 'वाइल्ड हॉर्सेस'. तुमच्या चौघांपैकी कोणी त्यात वाजवलं नाही. 'वाइल्ड हॉर्सेस'ला पियानो लागला तर जिम डिकिन्सन बसला, तोही बाहेरचा."

"रेकॉर्ड कोणी केलं?"

"जिमी जॉन्सनने."

"मग?"

"मग तेच म्हणतोय. खोली, माइक कुठे ठेवलाय, काचेमागे कोण बसलंय, यालाही किंमत आहे. आता जुन्या स्टुडिओंच्या खोल्यांचा घुमारा प्लगइनमध्ये मिळतो. मी वापरतो."

"आणि तुझ्या गाण्यात तो स्टुडिओ येतो?"

"घुमारा येतो," ओंकार प्रामाणिकपणे म्हणाला.

मी इथे त्याला एक दुरुस्ती सुचवली. स्टोन्स आले ते फेममध्ये नाही. त्याच वर्षी रिक हॉलने कॅपिटल कंपनीशी करार केला, चौघांना त्यात जे देऊ केलं ते त्यांना पटलं नाही, आणि त्यांनी जवळच्या शेफील्डला जॅक्सन हायवेवर ३६१४ नंबरच्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ काढला. वेक्सलरने त्यांना पैशाची मदत केली. शेर या गायिकेच्या १९६९च्या अल्बमचं नावच मुळी हा पत्ता आहे. रिक हॉलला तो दगा वाटला. पण त्याने दुकान बंद केलं नाही. नवे वादक उभे केले, गोरे आणि काळे मिळून. १९७१ साली ऑझमंड भावांचं गाणं पहिल्या नंबरवर नेलं. म्हणजे एकच टोळी होती म्हणून आवाज होता, हेही पुरतं खरं नाही. त्या माणसाचा कान होता.

रिक हॉलबद्दल मात्र कोणी वाद घातला नाही. धाकटा भाऊ लहानपणी उकळत्या पाण्याच्या टबात पडून गेला. आई घर सोडून गेली. पहिली बायको मोटार अपघातात गेली, गाडी हाच चालवत होता. वडिलांना ट्रॅक्टर घेऊन दिला, तर तोच अंगावर उलटून ते गेले. हे सगळं तो कॅमेऱ्यासमोर सपाट आवाजात सांगतो. शिरीष म्हणाला की त्याने तिथे सिनेमा थांबवला आणि उगाच पाणी प्यायला उठला.

मग बापूंनी असा प्रश्न विचारला की आम्ही तो आधीच विचारायला हवा होता. "हे चौघे गोरे ना? आणि अलाबामा म्हणजे तो वॉलेस गव्हर्नर, ज्याने १९६३ साली विद्यापीठाच्या दारात उभं राहून काळ्या विद्यार्थ्यांना अडवलं?"

तोच. त्याच राज्यात, त्याच वर्षांत, हे गोरे वादक काळ्या गायकांमागे बसून वाजवत होते. पर्सी स्लेज तिथल्या सरकारी दवाखान्यात मदतनीस होता. त्याचं १९६६चं पहिलंच गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. पॉल सायमनने स्टेपल सिंगर्सचं १९७२चं एक गाणं ऐकून ते काळे वादक मला हवेत म्हणून चौकशी केली, तर उत्तर आलं, मिळतील, पण जरा फिकट आहेत.

नंदू हसला नाही. "विनोद चांगलाय. पण बघ, दारातून आत आल्यावर सगळे सारखे, आणि जेवायला बाहेर पडलं की? १९६८ साली गिटारवाला ड्युएन ऑलमन आणि विल्सन पिकेट दुपारच्या जेवणाला गेलेच नाहीत. एक काळा, दुसरा खांद्यापर्यंत केसवाला, दोघांना हॉटेलात लोकांनी टकामका बघितलं असतं. आत बसले, आणि तिथेच ऑलमनने पिकेटला बीटल्सचं 'हे जूड' गायला पटवलं. सिनेमावाल्यांना हे जादूचं वाटतं. मला वाटतं, त्यांना जेवायला जाता आलं असतं तर बरं झालं असतं."

"मग गाणं झालं नसतं," शिरीष.

"नसतं झालं तर नसतं."

यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. चहावाल्याने कप गोळा केले.

माझं मत विचाराल तर, माहितीपटवाल्यांना नदी आवडते कारण ती मानधन मागत नाही. वादक मागतो, आणि पडद्यावर नावही मागतो. आपल्याकडे वेगळं काय होतं? हिंदी सिनेमाच्या वाद्यमेळाची कितीतरी बांधणी गोव्याहून आलेल्या माणसांनी केली. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालना व्हायोलिन शिकवत. १९७७ साली प्यारेलालनी गुरूचं नाव एका गाण्यात घालून घरोघरी पोहोचवलं, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं ते अमिताभच्या पात्राचं नाव आहे. तिथेही आपण 'मुंबईचा तो सोनेरी काळ' म्हणून मोकळे होतो. काळ व्हायोलिन वाजवत नाही.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा शिरीष म्हणाला, "पण तू रडलास ना सिनेमा बघताना?" रडलो होतो. नदीवर धुकं दाखवतात तिथेच.

"फुगवट्याचं धुकं," बापू म्हणाले. "तलावावर जास्त धरतं."

इतक्यात नंदूचा फोन वाजला. शनिवारच्या कार्यक्रमाचं बोलणं होतं. किती वाजता, गाडी येणार की स्वतः यायचं, साउंड कोणाचा. सगळं ठरलं. मग तो जरा बाजूला वळला.

"आणि, अं, पत्रिका छापलीय का? नाही, सहजच. साथीला आम्ही चौघं आहोत, म्हणून म्हटलं." तो ऐकत राहिला. "बरं. नाही नाही, हरकत नाही. जागाच नसेल तर काय."