मोठा मासा सुस्त की चपळ? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘आधी म्हणता मासा वाढला की चयापचय मंदावतो, आणि पुढच्याच परिच्छेदात मोठ्या माशाच्या स्नायूत एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) जास्त. काहीतरी एक ठरवा.’

दोन्ही खरं आहे, पण तुमचा वैताग रास्त आहे. ‘चयापचय’ हा एकच शब्द मी दोन निराळ्या गोष्टींना वापरला, तिथे घोळ झाला.

पहिली गोष्ट ऑक्सिजनची. १० ग्रॅमचं पिल्लू वाढून किलोभर झालं, म्हणजे वजन शंभर पट झालं, तरी स्वस्थ असताना त्याला लागणारा ऑक्सिजन साधारण चाळीस पटच होतो (माशांत ऑक्सिजनखर्च वजनाच्या साधारण ०.८ घाताने वाढतो). म्हणजे दर ग्रॅममागे खर्च निम्म्याहूनही कमी. ‘मंदावतो’ म्हणालो ते एवढ्यापुरतंच.

दुसरी गोष्ट पांढऱ्या स्नायूची. बांगडा चिरताना कडेला जी काळपट-लाल पट्टी दिसते, तो संथ, सततच्या पोहण्याचा स्नायू. तो ऑक्सिजनवर चालतो. बाकीचं बरंचसं पांढरं मांस मात्र एका झेपेसाठी राखून ठेवलेलं असतं. शिकारी मागे लागला की ते ऑक्सिजनची वाट बघत नाही, साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) फोडून त्याचं लॅक्टेट हे आम्ल करतं आणि तेवढ्यात काम उरकतं. नंतर सावरायला मात्र कित्येक तास जातात. गळाला लागून दमलेला मासा सोडून दिला तरी लगेच ताजातवाना होत नाही, तो यामुळेच.

जॉर्ज सोमेरो आणि जेम्स चिल्ड्रेस या जीवशास्त्रज्ञांनी १९८०मध्ये दाखवलं ते हेच. अनेक जातींत मासा जितका मोठा, तितकं पांढऱ्या स्नायूच्या दर ग्रॅममध्ये लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचं, म्हणजे लॅक्टेट बनवणाऱ्या एन्झाइमचं काम जास्त. ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढायच्या वाटेवरचं एन्झाइम, सिट्रेट सिंथेज, त्याचं काम मात्र कमी. एकाच स्नायूत एक आलेख वर जातो, दुसरा खाली.

असं का, याचा ढोबळ हिशेब पाहा. शरीराची लांबी दुप्पट झाली आणि माशाला सेकंदाला पूर्वीइतक्याच ‘शरीरलांब्या’ कापायच्या असतील, तर वेगही दुप्पट हवा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, शिवाय अंगाचं क्षेत्रफळ चौपट झालेलं. म्हणजे विरोध सोळापट, आणि तो दुप्पट वेगाने कापायचा, म्हणून दर सेकंदाचं काम बत्तीसपट; वजन मात्र आठपटच. म्हणजे दर ग्रॅम स्नायूला जवळपास चौपट ताकद लागते. एवढी तर मोठ्या माशालाही जमत नाही. त्याची शेपटी सावकाश हलते आणि शरीरलांब्यांत मोजलं तर तो पिल्लापेक्षा मागेच पडतो. पण निदान फार मागे पडू नये, म्हणून झेपेचं इंधन जाळायची सोय वाढलेली असते.

हत्ती-उंदराचा दाखला (दर ग्रॅममागे हत्तीचा ऊर्जाखर्च उंदरापेक्षा कमी) पुरेसा होता, असंही तुम्ही म्हणता. माझ्या मते त्यानेच दिशाभूल झाली. तो दाखला स्वस्थ बसलेल्या प्राण्याचा. पाठलागात सापडलेल्या माशाच्या पांढऱ्या स्नायूला तो लागू पडत नाही.

लेखातलं वाक्य आता असं केलंय: ‘मासा वाढतो तसा दर ग्रॅममागे त्याचा स्वस्थ अवस्थेतला ऑक्सिजनखर्च घटतो.’ लांबलचक झालंय, पण राहू दे.