कडा कापलेलं कार्ड आणि ८ नंबर

जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या सिगरेट कार्डावरचा एक लेख वाचला, त्यात किंमत रंगवून सांगितलीय पण ग्रेडिंगवर, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून १० पैकी नंबर देण्यावर, एकच ओळ, अहो खरी गंमत तर तिथेच आहे. ही टी२०६ नावाची बेसबॉलपटूंची कार्डं १९०९ ते १९११ मध्ये सिगरेटच्या पाकिटातून यायची, मागे पीडमाँट, स्वीट कॅपोरल असल्या ब्रँडची जाहिरात. वॅग्नरचं जे कार्ड पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १९९१ मध्ये ग्रेड केलं, १० पैकी ८ दिले, त्याच्या कडा कापल्या होत्या हे ते कार्ड पूर्वी विकणाऱ्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. कडा कापल्या की नियमाने नंबर मिळतच नाही, नुसतं 'ऑथेंटिक', म्हणजे कार्ड खरं आहे एवढंच. तरी तो ८ अजून तसाच आहे, बोला आता!

मी न्यू जर्सीत राहतो, इथल्या जुन्या बाजारातून एक साधं टी२०६ घेतलं, कुणी स्टार खेळाडू नाही. चारही कोपरे गोल झालेत, मधून एक बारीक घडी, मागे पीडमाँटची निळी छपाई. विकणारा म्हणाला ओरिजिनल आहे, मी आपला खिशातला यूव्ही टॉर्च मारून बघितला कारण आजचा पांढरा कागद बहुतेक निळसर चमकतो, जुना नाही चमकत. तेवढ्यावर खात्री होत नाही म्हणा, भिंगाखाली छपाईपण बघावी लागते. ग्रेडिंगला पाठवलं तर १ येईल फार तर, फी कार्डाच्या मानाने जास्तच, त्यामुळे नाहीच पाठवलं. आणि त्या कापलेल्या ८ पेक्षा मला हे घडीवालंच जास्त आवडतं.