‘मांजरं आपापसांत बघून घेतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातला एक मुद्दा चांगलाच बोचला, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टिंगू हे ९ आठवड्यांचं पिल्लू घरी आणल्यावर मी त्याला २४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं आणि घरातल्या तीन मांजरांशी त्याची ओळख हळूहळू करून दिली, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : एवढ्याशा जिवाला कोंडणं हा निव्वळ छळ आहे. तुमच्याकडे तीस वर्षं मांजरं आहेत; नवं पिल्लू आलं की सरळ सगळ्यांच्या मध्ये सोडायचं, दोन दिवस फिसकारतात, तिसऱ्या दिवशी सगळं शांत. रक्ततपासण्या वगैरे नवी फॅडं. आणि तीन असताना चौथं कशाला, हौसेला काही धरबंध?

बोचलेला मुद्दा आधी. टिंगू एकटा पडला हे खरं आहे. रात्री मी त्याच खोलीत गादी टाकून झोपत होते, पण दिवसा सलग पाच-सहा तास तो एकटा असायचा आणि दाराच्या फटीत पंजा घालून ओरडायचा. मांजराच्या पिल्लाला माणसांची, इतर जनावरांची सवय सगळ्यात सहज लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. नवव्या आठवड्यात तो काळ सरलेला असला, तरी खेळायला, चावायला, कुशीत घुसायला सोबत हवीच असते. टिंगूला एक बहीण होती. पिल्लं सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्याही होत्या, “दोन्ही न्या, एकमेकांत दमतील.” मी म्हणाले, चार पुरे. पाचव्याने मला फार काही जड गेलं नसतं, टिंगूचे दिवस मात्र सोपे गेले असते. शिवाय दोन पिल्लं एकमेकांच्या मानगुटीला लोंबकळतात तेव्हा म्हाताऱ्या मांजरांच्या शेपट्या वाचतात. हे सगळं मला माहीत होतं. लेखात लिहिलं नाही, कारण लाज वाटली.

आता कोंडण्याविषयी. त्यामागे दोन निरनिराळी कारणं होती आणि मी लेखात त्यांची गल्लत केली, हीही माझीच चूक.

एक कारण रोगांचं. टिंगू तिसऱ्या दिवशी कान खाजवायला लागला. आत बघितलं तर कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ. कानातले माइट्स, म्हणजे बारीक परजीवी. शेजारी शेजारी झोपलं की ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तुमच्या पद्धतीने सोडला असता तर दोन कानांऐवजी आठ कानांत औषध घालावं लागलं असतं, आणि त्यातले दोन कान बंड्याचे. बंड्या म्हणजे सात किलोंचा बोका आहे. असो. माइट्स किरकोळ. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे विषाणूमुळे होणारा मांजरांचा जीवघेणा आजार, किरकोळ नसतो. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडा, कधी दहा दिवसही जातात, त्यामुळे आज पडद्यावर चढणारं पिल्लू निरोगी आहे असं नुसतं बघून सांगता येत नाही. आणि हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो. त्यावर पातळ केलेलं ब्लीच चालतं. फिनाइल वापरू नका, मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. ल्युकेमियाचा विषाणू तर लाळेतून जातो, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून, एका भांड्यात तोंड घालण्यातून. आपण ज्याला ‘किती गोड, जमलं बघ’ म्हणून फोटो काढतो नेमकं त्यातूनच. त्याची तपासणी म्हणजे रक्ताचे दोन-चार थेंब आणि काही मिनिटं. डॉक्टर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात, कारण नुकताच झालेला संसर्ग पहिल्या वेळी दिसेलच असं नाही. जाता जाता एक : एफआयव्हीची, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या विषाणूची, तपासणी पिल्लाच्या बाबतीत पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरून त्याला परत करू नका. सहा महिन्यांपर्यंत आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही तसं दिसतं.

तीस वर्षांत काही झालं नाही, असं तुम्ही म्हणता. खरंच नीट आठवून बघा. माझ्या लहानपणी आमच्याकडेही मांजरं होती आणि आम्हीही असंच सांगायचो. पण त्यात घरी येऊन पंधरवड्यात गेलेली पिल्लं होती. त्यांना आम्ही मोजतच नव्हतो. ‘या घराला पिल्लू लाभत नाही’ म्हणायचो आणि पुढचं आणायचो.

पण हे कारण चौदा-पंधरा दिवसांत संपतं. उरलेले दिवस मी टिंगूसाठी दार बंद ठेवलं नव्हतं. ते ठमीसाठी होतं. ठमीचं मी लेखात एका ओळीत उरकलं, म्हणून तुम्हाला माझं वागणं विक्षिप्त वाटलं असणार.

ठमी आता १२ वर्षांची आहे. भुरी तिची मुलगी, १० वर्षांची. ठमीचं ऑपरेशन होण्याआधीच्या एकुलत्या बाळंतपणातली. दोघी कायम एकमेकींच्या अंगावर. चार वर्षांपूर्वी मी बंड्याला आणलं ते अगदी तुमच्याच पद्धतीने. हॉलच्या मधोमध कॅरिअर ठेवलं आणि दार उघडलं. दोन दिवस फिसकारणं, एकदा झटापट, तिसऱ्या दिवशी शांतता. मीही तुमच्यासारखंच सगळ्यांना सांगत सुटले की मांजरं आपापसांत बघून घेतात.

ती शांतता अकरा महिने टिकली. त्या अकरा महिन्यांत ठमी कपाटावर राहायला गेली. मला वाटलं, वय झालं, उंचावर ऊब लागत असेल. ती रात्री उतरायची. मला वाटलं, निशाचरच ना शेवटी. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्या घरात ते मांजर मी होते.

मग एके दिवशी ती माझ्या अंथरुणात शू करून गेली. दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये. पांढऱ्या बेसिनमध्ये गुलाबी थेंब दिसला म्हणून डॉक्टरांकडे धावले. लघवीत जंतू नाहीत, सोनोग्राफीत खडे नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, “घरात काय बदललंय?” मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, “घरी जा, तासभर खुर्ची टाकून बसा आणि ती लिटर ट्रेकडे कशी जाते ते बघा.”

बसले. ठमी कपाटावरून उतरली, पॅसेजच्या तोंडापर्यंत आली. पॅसेजच्या त्या टोकाला ट्रे. मधे बंड्या बसलेला. गुरगुर नाही, फुगलेली शेपटी नाही, पंजा उगारलेला नाही. फक्त बसलेला, आणि तिच्याकडे बघत. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. ठमीने नाक चाटलं, भिंतीकडे बघितलं, जसं काही भिंतीचंच काम होतं, आणि वळून परत कपाटावर गेली. तासाभरात हे तीनदा झालं. लोक मांजर आडवं गेलं की थांबतात. आमच्याकडे ते आडवं बसत होतं आणि मी ते अकरा महिने ओलांडून जात होते.

ताणामुळे मूत्राशयाला सूज येते याला डॉक्टर लांबलचक नाव देतात, फिलाइन इडियोपॅथिक सिस्टायटिस. ठमी मादी म्हणून निभावलं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि काही होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

उपाय साधाच निघाला. घराच्या दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडून निघता येईल अशा जागी ट्रे ठेवला. मांजरं जितकी त्याहून एक ट्रे जास्त हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो. पण चार ट्रे एका रांगेत मांडले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा, आणि एक बोका ती एकटा अडवू शकतो. कपाटावरून उतरायला दुसरी वाट केली. पंधरा दिवसांत ठमी दिवसा खाली दिसू लागली.

तेव्हा, फिसकारणं थांबलं म्हणजे जमलं, या तुमच्या खुणेवर माझा विश्वास उरलेला नाही. फिसकारणारं मांजर भांडत नसतं, ‘लांब राहा’ एवढंच सांगत असतं. त्याला दटावू नये. गप्प झालेल्या मांजराकडे मात्र नीट बघावं, कारण दोन मांजरांत एकीने हार मानली तरी घर शांतच असतं. कुत्र्यांत भांडणानंतर मनधरणी असते. मांजराचे पूर्वज आफ्रिकी रानमांजर, एकट्याने शिकार करणारे. ती सोय त्यांच्याकडे फारशी नाही. मोकाट मांजरं एकत्र राहतात तेव्हाही गोतावळा बहुधा नात्यातल्या माद्यांचा असतो, आणि उपरा आला की त्याला हुसकावतात. पिल्लाला मोठ्या मांजरापेक्षा लवकर सामावून घेतात हे मान्य. लवकर म्हणजे लगेच नव्हे.

वासाचं तुम्ही थट्टेवारी नेलंत, “फडकी फिरवून मैत्री होते का?” गेल्या वर्षी भुरीचा दात काढला. संध्याकाळी ती दवाखान्याचा वास घेऊन घरी आली आणि तिच्या सख्ख्या आईने तिच्यावर फिसकारून तिला पलंगाखाली घालवलं. नऊ वर्षं जिला चाटलं तिला! दुसऱ्या दिवशी वास गेला, ओळख परतली. मांजर ओळखतं ते वासाने, चेहरा नंतर. म्हणून टिंगूच्या गालावरून फिरवलेलं फडकं आधी या तिघांच्या झोपायच्या जागेजवळ, त्यांचं त्याच्या खोलीत. भुरी पहिल्या दिवशी त्या फडक्याला वळसा घालून गेली. सहाव्या दिवशी त्यावर बसली. त्यानंतरच दार तळहाताएवढं उघडलं, मधे जाळी लावून.

आणि इथे माझेही अंदाज चुकले. मला धास्ती बंड्याची होती. तो जाळीपुढे लोळला. टिंगू पाठ कमान करून, खेकड्यासारखा तिरका तिरका उड्या मारत आला, तरी हा लोळतोच. ठमी लांब, पंजे पोटाखाली घेऊन, कान आडवे. आणि गुणी भुरी, जिच्याविषयी मी निर्धास्त होते, ती जाळीवर झेपावली. टिंगू हाती लागेना म्हणून वळली आणि शेजारच्या आईलाच ओरबाडलं. एकाचा राग दुसऱ्यावर निघणं मांजरांत होतं, आणि अशा वेळी मधे हात घालायचा नसतो. मी घातला. मनगटावर अजून रेघ आहे. दार बंद केलं, सगळं पुन्हा फडक्यापासून सुरू केलं. पंधराचे चोवीस दिवस झाले ते असे. लेखात मी २४ हा आकडा नियमासारखा लिहिला, तो खोडते. कुणाकडे आठवड्यात होईल, कुणाकडे दोन महिने लागतील. रोगांसाठी किती थांबायचं ते डॉक्टर सांगतात, पुढचं घरातलं सगळ्यात घाबरट मांजर ठरवतं.

राहिला चौथ्याचा प्रश्न. हौस होतीच, नाकारत नाही. पण बंड्या चार वर्षांचा, अंगात रग, आणि दंगा करायला घरात दोन आज्ज्या. तो ठमीच्या मागे लागायचा ते वैरापोटी नव्हे, कंटाळ्यापोटी, असं मला वाटायचं. मांजरावर इलाज म्हणून दुसरं मांजर आणणं हा जुगार आहे आणि कुणी विचारलं तर मी नकोच म्हणते. आमचा तो अर्धा लागला. बंड्या आणि टिंगू पाळीपाळीने एकमेकांना पाडतात, मधेच थांबतात, पुन्हा सुरू; आवाज जवळजवळ नसतो, त्यावरून खेळ आहे हे कळतं. ठमीची वाट मोकळी झाली. भुरीचं मात्र अजून जमलेलं नाही. ती टिंगूला खोलीत राहू देते, जवळ येऊ देत नाही, आणि तिच्यासाठी मी अजून रोज दोन तास एक खोली वेगळी ठेवते. जमेलच असंही नाही.

तुमच्या तीस वर्षांना माझा नमस्कार आहे, खोटा नव्हे. पण एक विनंती. आज रात्री दिवे घालवायच्या आधी तासभर खुर्ची टाकून बसा. ट्रेकडे, पाण्याच्या भांड्याकडे कोण सरळ चालत जातं, कोण आधी दारात थांबून आत कोण आहे ते बघतं, आणि कोण वाटेतूनच परत फिरतं, एवढंच बघा. काय दिसलं ते इथे लिहा. सगळी सरळ गेली असं लिहिलंत तरी मी मानेन, फक्त तुमचे ट्रे कुठे कुठे ठेवलेले आहेत तेही सांगा, म्हणजे मला भुरीसाठी काही उचलता येईल.