लवंग कुणी घातली?

"ही अशोकारिष्टाची बाटली कुणाची रे?" आईने फ्रीजमध्ये डोकं घालून विचारलं.

"माझी," मी पेपरमधून मान वर न करता म्हणालो.

मग काहीच ऐकू आलं नाही म्हणून वर बघितलं. आई फ्रीजचं दार तसंच उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती. अशोकारिष्ट हे बायकांचं औषध. ४३ वर्षं ज्याला आपण मुलगा म्हणून वाढवलं त्याच्याबद्दल आज काहीतरी नवीन कळतंय, असा तिचा चेहरा झाला होता. खुलासा करणं भागच होतं. बाटली तपकिरी काचेची, लिटरभराची, झाकण घट्ट. तिला ग्राउलर म्हणतात. आत बिअर आहे.

"बिअरला औषधाची बाटली कशाला?"

"उजेड लागला की हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, बिघडतात, घाणेरडा वास येतो. तपकिरी काचेत तो कमी लागतो."

"ते ठाऊक आहे मला. आमच्या आजोबांच्या दवाखान्यात सगळ्या बाटल्या तपकिरीच असायच्या," आई म्हणाली. आईचे आजोबा वाईला वैद्य होते. हे वाक्य आमच्या घरात आठवड्यातून तीनदा येतं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच माझ्या विरोधात वापरलं गेलं.

या नादात माझ्यापेक्षा पुण्याचा दोष जास्त आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत बिअरचे दोनच प्रकार होते : गार आणि गरम. मग २००९ साली पुण्यात डूलाली ही स्वतःची बिअर स्वतःच बनवणारी ब्रूअरी सुरू झाली, तिच्या मागून आणखी ब्रूअरी आल्या, आणि बघता बघता हेफेवायझन, विटबिअर, स्टाउट, आयपीए असली नावं न अडखळता घेणारी माणसं रिक्षाच्या रांगेत भेटायला लागली. डूलाली हा शब्दही आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असत आणि कंटाळून त्यांच्या डोक्यावर परिणाम होई. त्याला ते म्हणत 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. बिअर ज्या नळातून येते त्यालाही टॅपच म्हणतात, आणि घरच्यांना त्याचा काय होतो ते माझ्या बायकोला विचारा.

मी वही घातली होती. २०० पानी, रेघांची, मुलीच्या शाळेच्या सामानातून ढापलेली. रंग, फेस, वास, चव, आणि गिळल्यावर मागे काय उरतं, असे रकाने. चांगला रसिक घोट घेतो, डोळे मिटतो आणि सांगतो, 'भिजलेली माती, जर्दाळू, थोडी टोस्टची कड.' माझ्या वहीतल्या पहिल्या नऊ नोंदी अशा : छान. छान. छान पण वेगळी. कडू. छान. (पुढच्या चार वाचता येत नाहीत.) माझं नाक लहानपणापासून सर्दीचं आहे. मला उदबत्ती आणि जळलेली वायर यातला फरक धूर दिसल्यावर कळतो.

बायको माझ्यासोबत एखादा ग्लास घेते, पण तिची अट असते. "मला आवडली. आता वर्णन करू नकोस."

तर, बाटली. ग्राउलर भरून आणला की दोन दिवसांत संपवावा लागतो, नाहीतर त्यातला गॅस उतरतो आणि बिअरचं सरबत होतं. संपवायला मी एकटा. शिवाय फ्रीजमध्ये तिचे शेजारी म्हणजे एका बाजूला विरजण आणि दुसऱ्या बाजूला इडलीचं पीठ. सोमवारी पीठ फुगून भांड्याबाहेर आलं तेव्हा आईने बाटलीकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने पूर्वी ती माझ्या वाया गेलेल्या मित्रांकडे पाहायची.

त्या रात्री मी हेफेवायझन ओतून घेत होतो. आई ओट्यापाशी उभी होती, चांगली चार फुटांवर. आयुष्यात तिने दारूला हात लावलेला नाही. तिने नुसती मान वळवली.

"लवंग घातलीय यात."

मी हसलो.

"आणि केळं. पार पिकलेलं, सालावर काळे ठिपके आलेलं. शिकरणात लवंग कोण घालतं रे?"

मी मोबाइल काढला. हेफेवायझन : केळं आणि लवंग हा या जर्मन गव्हाच्या बिअरचा खास वास. त्याआधी मी ही बिअर चार वेळा प्यायलो होतो. वहीत चारही वेळा 'छान' होतं.

आता माझी समजावण्याची पाळी. मी सांगितलं की यात लवंगही नाही आणि केळंही नाही. गहू, मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. या बिअरचं यीस्टच असं असतं की आंबवताना ते स्वतःच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं.

"लवंग न घालता लवंगेचा वास?" आई म्हणाली. "भेसळच की मग."

"भेसळ कशी? जर्मनीत बव्हेरियामध्ये १५१६ साली कायदाच केला होता, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं."

बाबा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते. 'कायदा' या शब्दावर त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली.

"त्यात यीस्ट कुठे आहे?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"तेव्हा यीस्ट म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, बाबा."

"आणि गहू?"

"गहू... नाही."

"म्हणजे तू पितोयस त्यातल्या दोन जिनसा नियमात बसत नाहीत," बाबा म्हणाले आणि आवाज पूर्ववत केला.

त्यानंतर जे मी केलं त्याचा मला अभिमान नाही. दर गुरुवारी ग्राउलर आणायचा, आई ओट्यापाशी असताना शेजारी उभं राहून ओतायचा आणि ती काय बोलते ते वहीत उतरवायचं. विटबिअर : "धने आहेत. आणि संत्र्याचं साल. धने जरा भाजून घ्यायला हवे होते." (बेल्जियन विटबिअरमध्ये खरंच धने आणि संत्र्याची साल घालतात. भाजतात का, ते ब्रूअरला विचारावं लागेल.) स्टाउट : "कॉफी करपलीय कुणाची तरी." ते जवच करपवलेले असतात, कॉफी नव्हे, पण करपण्याचा अंदाज अचूक. मीठ आणि धने घातलेली ती आंबट जर्मन गोझं : "ताक. तेही कालचं." दोन महिन्यांत मित्रांमध्ये माझ्या नाकाची कीर्ती झाली. एकाने तर मला त्याच्या ऑफिसातल्या बिअर टेस्टिंगचा परीक्षक म्हणून बोलावलं. मी सर्दी सांगून टाळलं. ती थाप नव्हती.

भांडं फुटलं बाबांच्या वाढदिवसाला. जेवायला म्हणून सगळ्यांना घेऊन एका ब्रूअरीत गेलो. जेवण उत्तम असतं तिथलं, हे कारण मी घरी आठवडाभर पेरलं होतं. मी सॅम्पलर मागवला. लाकडी फळीला सहा खोबणी आणि त्यात सहा छोटे ग्लास, फिकट पिवळ्यापासून काळ्यापर्यंत.

"पंचामृताला एक वाटी जास्त झाली," आई म्हणाली.

मी पहिला ग्लास उचलला, डोळे मिटले आणि वाट बघत राहिलो. आई सूप पीत होती. ती काही बोलेना. वेटर माझ्या तोंडाकडे बघत उभा. अखेर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दया आली.

"आजी, अगं सांग ना त्याला. तू सांगितल्याशिवाय त्याला लिहिता येत नाही."

मग आईने एकेक ग्लास नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. ओठ कुठेच लागला नाही. पाचव्या ग्लासाला तर तिने तो घेऊन परत विचार बदलल्यासारखं दूर धरलं. "यात लोणी उतरलंय. जुनं लोणी. हे नीट झालेलं नाही." वेटर गेला आणि आतून ब्रूअरला घेऊन आला. दाढीवाला पोरगेलासा मुलगा. त्याने तो ग्लास हुंगला आणि त्याचा चेहरा पडला. आंबवण मध्येच उरकलं तर यीस्टने सोडलेला लोण्यासारखा वास तसाच राहतो, म्हणाला. हे पिंप आज लावायला नको होतं.

"मॅडम, तुम्ही ब्रूइंग कुठे शिकलात?"

"वाईला," आई म्हणाली.

घरी येताना गाडीत मी गप्प होतो. बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती, पण तिचे खांदे मला दिसत होते. घरात शिरल्यावर अपमानाच्या भरात मी नको ते केलं. आईच्या कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि लेबलावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल.' पुढचा आकडा माझ्या हेफेवायझनपेक्षा मोठा निघाला.

"आई, गेली कित्येक वर्षं आपल्या घरात सगळ्यात कडक तू पितेस."

"ते आपोआप झालेलं आहे," आई शांतपणे म्हणाली. "वाचलंस ना? सेल्फ. तुझ्यासारखं कुणी मुद्दाम केलेलं नाही."

"बिअरमध्येही आपोआपच होतं! यीस्ट साखर खातं आणि..."

"धायटीची फुलं घालतात का त्यात?"

आसव लावताना धायटीची फुलं घालतात. आंबवण त्यांच्यामुळे सुरू होतं. वाईच्या आजोबांकडे त्यांची गोणी असायची.

"नाही."

"मग ते औषध नाही."

इथे मी खिशातलं शेवटचं हत्यार काढलं. महाराष्ट्रात अजूनही १९४९ चा दारूबंदीचा कायदा लागू आहे आणि प्यायची तर परवाना लागतो. बाबांच्या आग्रहाखातर मी १००० रुपये भरून जन्मभराचा परवाना काढला होता. त्यावर लिहिलेलं असतं 'विदेशी मद्य', मग ते पुण्यातल्या मुंढव्यात का शिजेना. आणि हा परवाना मौजेसाठी मिळत नाही. प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी, म्हणून मिळतो. मी कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला, मागची बाजू बघितली, आणि निकाल दिला.

"बरोबर आहे त्याचं. शासनाच्या दृष्टीने हे औषध आहे."

आई दोन क्षण काही बोलली नाही. जिंकण्याची मला सवय नसल्यामुळे मी आधीच फ्रीजकडे निघालो होतो. आत नवाकोरा ग्राउलर होता, आयपीए, इंग्रजांनी बोटीत घालून हिंदुस्थानात पाठवायची म्हणून चिक्कार हॉप्स घालून केलेली बिअर, काडेचिराइताच्या काढ्याची सख्खी बहीण.

"थांब," आई म्हणाली. "आधी जेवून घे."

जेवण झालं. आईने बाटली स्वतः उघडली, हुंगली, "मोसंबीची साल," असं स्वतःशीच पुटपुटली आणि औषधाच्या डब्यातला स्टीलचा चमचा काढला. एक चमचा वाटीत. दुसरा चमचा वाटीत. मग गॅसवरचं पातेलं उतरवून तितकंच कोमट पाणी.

"आई, हे काय?"

"आसव असंच घेतात. जेवणानंतर, समभाग पाण्यातून, दोन वेळा. एवढी बाटली महिनाभर सहज जाईल."

"अगं, दोन दिवसांत तिचा गॅस उतरतो!"

"बरंच. पोटाला हलकी." तिने वाटी माझ्यासमोर सरकवली. मुलगी वही उघडून, पेन्सिलीला टोक करून बसली होती. बाबांनी परवान्याची घडी घातली.

"आणि तोंड वाकडं करू नकोस," आई म्हणाली. "१००० रुपयांचं औषध आहे."