समुद्रावर जाऊन हौदात आंघोळ

मुलगा ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या पॅरामाटा भागात स्थायिक झाला, नातवाचं बारसं आटोपलं, आणि लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने तुमच्या हातात सिडनी ते केर्न्स आणि परत अशी क्रूझची तिकिटं ठेवली, तर उगाच गहिवरून जाऊ नका. त्याला दहा दिवस घरात शांतता हवी आहे, एवढंच. निमूट बॅगा भरा. बाकीचं मी सांगतो, आम्ही नुकतेच जाऊन आलोय.

पहिली गोष्ट, जहाज सुटताना डेकवर जायचं नाही. सिडनीच्या हार्बर ब्रिजखाली जेमतेम ४९ मीटर जागा आहे. त्यात न मावणारी मोठी जहाजं पुलाच्या अलीकडेच, 'सर्क्युलर की' नावाच्या धक्क्यावर, ऑपेरा हाउसच्या अगदी समोर उभी राहतात. संध्याकाळच्या उन्हात ती दहा लाखांहून जास्त टाइल्सची, शिडांसारखी पांढरी छपरं शेजारून सरकतात तेव्हा झाडून सगळी मंडळी कठड्याला लोंबकळत असतात. म्हणजेच बुफे रिकामा असतो! आम्हीही ऑपेरा हाउस पाहिलं, नाही असं नाही. पनीर माखनीच्या भांड्याच्या चकचकीत झाकणात. उलटं होतं, पण ओळखू येत होतं.

ब्रिस्बेनला जहाज ब्रिस्बेनमध्ये लागत नाही. २०२२ साली सुरू झालेलं नवं टर्मिनल नदीच्या मुखाशी आहे, लगेज पॉइंट नावाच्या जागी, सांडपाणी प्रकल्पाच्या शेजारी. तिथून बसने शहर गाठा आणि थेट साउथ बँकला जा. तिथे नदीकाठी, भर शहरात, वाळू आणून टाकलेला समुद्रकिनारा आहे. फुकट. आमची ही पाण्यात पाय घालून म्हणाली, "अहो, हा तर हौद आहे!" मी म्हटलं, "अगं, फुकट आहे." विषय संपला.

मग एअर्ली बीच. इथे जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि टेंडरने किनाऱ्यावर नेतात असं कळल्यावर, पीडब्ल्यूडीत तेहतीस वर्षं काढलेला मी एकदम सरसावून बसलो. पण हे टेंडर म्हणजे छोटी बोट. नंबराची चिठ्ठी घ्यायची, नाट्यगृहात जाऊन बसायचं आणि पुकारा व्हायची वाट बघायची. आमच्या खात्यातही टेंडर निघायला असाच वेळ लागायचा, पण तिथे मधे चहा तरी यायचा.

समोर दिसतात ती व्हिटसंडे बेटं. १७७० च्या जूनमध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक इथून गेला तो दिवस त्याच्या हिशेबाने ख्रिस्ती पंचांगातला व्हिटसंडे, म्हणजे सणाचा रविवार, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात तिथे सोमवार उजाडला होता. आमच्या जहाजाच्या लिफ्टमध्ये रोज त्या-त्या वाराचं नाव विणलेलं पायपुसणं टाकत; बिचाऱ्या कुककडे ती सोय नव्हती.

नोव्हेंबर ते मे या समुद्रात विषारी जेलीफिश असतात, त्यामुळे अंगभर स्टिंगर सूट घालूनच उतरायचं. तुम्हीही आमच्यासारखे मार्चमध्ये जा. सूट आधीच भाड्याने घेऊन ठेवा, टेंडरच्या रांगेत इतका वेळ घालवा की बेटांकडे जाणारी बोट चुकेल, आणि मग भाडं वसूल करण्यासाठी तोच सूट घालून एअर्लीच्या लगूनमध्ये उतरा. लगून म्हणजे पुन्हा हौदच, जेलीफिशला प्रवेश नसलेला. आजूबाजूला चड्डीतली पोरं डुंबतायत आणि मधोमध मी: निळी टोपी, निळे हातमोजे, पोटावर ताणलेली चेन. एक पोरगं आईला विचारत होतं, या आजोबांना काय झालंय?

केर्न्सला मोठी जहाजं बाहेर यॉर्कीज नॉबला थांबतात, म्हणजे पुन्हा टेंडर. शहरापुढे ओहोटीला नुसता चिखल आणि काठावर मगरींपासून सावध करणारी पाटी, म्हणून नगरपालिकेने तिथेही हौद बांधून दिलाय. तिसरा. आम्ही आता सरावलो होतो.

राहता राहिली ग्रेट बॅरियर रीफ. २३०० किलोमीटरची प्रवाळाची रांग आहे, पळून जात नाही. बाहेरच्या रीफपर्यंत वेगवान बोटीला दीडेक तास लागतो. तिकीट विचारायचं, रुपयांत गुणाकार करायचा, "बाप रे" म्हणायचं आणि परत फिरायचं. कुकचं जहाज त्या चुकलेल्या रविवारनंतर साधारण आठवड्याभराने प्रवाळावर आपटलं. त्याला रीफ फुकटात मिळाली, आपलं नशीब तेवढं कुठलं?

परतीच्या वाटेवर आम्ही जहाजाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या चौथ्या हौदात उतरलो. सवयीने. हिच्या तोंडात पाणी गेलं आणि ही केवढ्याने ओरडली, "अहो, खारट आहे!" मी तिथल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, हो, समुद्राचंच भरतो आम्ही.

ताबडतोब फोटो काढला. नुसतं निळं पाणी आणि आमचे दोन चेहरे. कठडा येऊ दिला नाही. मुलाला पाठवला आणि खाली लिहिलं: ग्रेट बॅरियर रीफ.